ठाण्याचा कर्करोग मोजणार कोण?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कर्करोगाचे जिल्हावार आकडे वर्तमानपत्रात आले की ठाणे-नवी मुंबईत दोन बोलणी हमखास ऐकू येतात. तळोजा-तुर्भ्याच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे कॅन्सर फार वाढलाय, हे एक. आणि यादीत आपल्या जिल्ह्याचे नावच नाही, म्हणजे आपण त्या मानाने बरे, हे दुसरे. दोन्ही बोलण्यांच्या मागे आकडा नाही. आम्ही सहीकर्ते नोंदणी, पॅथॉलॉजी आणि महापालिकेची आरोग्यसेवा अशा तीन बाजूंनी या विषयात आहोत. आकडा का नाही, तो कसा काढतात आणि काढताना कुठे घसरतो, हे सांगण्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे. कात्री लावायचीच असेल तर आमच्या मतांना लावा, आकड्यांना नको.

आधी देशाचे चित्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल २०१२ ते २०१६ या काळातल्या २८ लोकसंख्याधारित नोंदणी केंद्रांवर, म्हणजे ठरलेल्या हद्दीत राहणारा प्रत्येक नवा रुग्ण मोजणाऱ्या केंद्रांवर, उभा आहे. वयानुसार समायोजित केलेला (म्हणजे वस्तीतल्या तरुण-म्हाताऱ्यांच्या प्रमाणाचा परिणाम काढून टाकलेला) पुरुषांचा दर सर्वांत जास्त मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात निघाला, लाखामागे वर्षाला २६९.४. सर्वांत कमी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड मिळून असलेल्या केंद्रात, ३९.५. बायकांमध्ये वरचे टोक अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्यात २१९.८, आणि खालचे पुन्हा धाराशिव-बीडमध्येच, ४९.४. एकाच देशात पुरुषांच्या दरात जवळजवळ सातपट फरक.

हा फरक खरा की मोजणीतला? दोन्ही थोडे थोडे. ऐझॉलसारख्या लहान जिल्ह्यात मोजकी रुग्णालये असतात, रुग्ण निसटणे कठीण. पण म्हणून धाराशिव-बीडचा कमी आकडा निव्वळ ढिसाळ नोंदणीचा, असे म्हणून सोडून देता येत नाही. शेजारच्या बार्शीचे ग्रामीण नोंदणी केंद्र १९८७ पासून चालू आहे. तिथले कर्मचारी रुग्णालयात बसून वाट पाहत नाहीत. गावोगाव जातात, लोकांना लक्षणे सांगतात, संशयित रुग्ण शोधून तपासणीला आणतात. एवढे करूनही बार्शीचा दर शहरांच्या मानाने कमीच राहिला. ग्रामीण मराठवाड्यात एकूण कर्करोग शहरांपेक्षा कमी आहे, हे मानायला जागा आहे. पण कमी म्हणजे सौम्य नव्हे. तिथल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वर्षानुवर्षे ठाण मांडले होते, आणि तो ऐन चाळिशी-पन्नाशीत, संसार अंगावर असताना गाठतो.

प्रदेशाप्रमाणे अवयवही बदलतो, आणि खरी माहिती तिथे असते. ईशान्येकडे अन्ननलिका आणि जठर, गंगेच्या खोऱ्यात बायकांमध्ये पित्ताशय, मोठ्या शहरांत स्तन (हैदराबादमध्ये लाखामागे ४८.०, त्या अहवालातला सर्वांत मोठा आकडा), पश्चिम आणि मध्य भारतात पुरुषांमध्ये तोंड. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मिझोराममधले ५८.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, महाराष्ट्रात २६.६ टक्के. पण महाराष्ट्राच्या आकड्याची फोड पाहा: ओढणारे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के. आपल्याकडे फुप्फुसापेक्षा तोंड का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मळलेला तंबाखू-चुना, मावा, विदर्भातला खर्रा, बायकांची मशेरी. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागला, गिऱ्हाईक हातावर दोन्ही एक करते. शिवाय तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटातला, म्हणजे सिद्ध झालेला, कर्करोगकारक पदार्थ म्हणून नोंदवली. ‘मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी’ असे सांगणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

आता ठाणे. २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातली सात केंद्रे आहेत: मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी ग्रामीण आणि उस्मानाबाद-बीड. ठाणे त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांहून अधिक. तेव्हाच्या अख्ख्या मिझोरामच्या दहापट. मुंबईचे केंद्र इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केले, देशातले पहिले. पण त्याची हद्द बृहन्मुंबईची. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे राहणारा रुग्ण मोजला जातो आणि पलीकडे राहणारा नाही. वाशीच्या खाडीपुलाचे तेच. गंमत अशी की टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था, अ‍ॅक्ट्रेक, नवी मुंबईतच खारघरला आहे. उपचार दाराशी आहेत, मोजणी नाही.

यावर कोणी म्हणेल, मुंबईचा दर तोच ठाण्याचा धरा. तसे धरता येत नाही, कारण वस्ती वेगळी आहे. वाशीचे पहिले सेक्टर सिडकोने सत्तरच्या दशकात वसवले. घोडबंदर रोड, खारघर, उलवे ही कालची वस्ती. चाळीस-पन्नाशीचा बहुतेक माणूस इथे जन्मलेला नाही. गाठीच्या कर्करोगांत कारणाशी पहिला संपर्क आल्यापासून निदानापर्यंत साधारण दहा ते चाळीस वर्षे जातात. म्हणजे आज ऐरोलीत सापडलेला कर्करोग त्या बाईने वीस वर्षांपूर्वी जिथे चुलीवर स्वयंपाक केला, त्या पुरुषाने जिथे पहिली पुडी फोडली, त्या गावाचा असू शकतो. गंगेच्या खोऱ्यातून आलेले कुटुंब पित्ताशयाचा धोका बरोबर घेऊन येते. नौपाड्यातली किंवा नेरूळमधली नोकरदार बाई, पहिले मूल तिशीनंतर, एखादेच, स्तनपान थोडे: तिचा धोका गर्भाशयमुखाकडून स्तनाकडे सरकलेला असतो. मुंबईत हे सरकणे गेल्या काही दशकांच्या नोंदींत स्पष्ट दिसते. गर्भाशयमुखाचा दर संघटित तपासणी नसतानाही उतरला. ठाण्यात हे नौपाड्यापुरते झाले असेल आणि लोकमान्यनगर-मुंब्र्यात झाले नसेल, किंवा उलटही. मोजल्याशिवाय कळणार नाही.

मग रुग्ण हरवतो कुठे? सगळ्यांत जास्त पत्त्यात.

लोकसंख्याधारित नोंदणीचा पायाच असा की रुग्ण निदानाच्या आधी किमान एक वर्ष त्या हद्दीत राहत असला पाहिजे. उपचार कुठे घेतले याला महत्त्व नाही. पण परळच्या टाटा रुग्णालयाच्या किंवा कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर फाइल काढताना विचारला जातो तो पत्ता असतो आधार कार्डावरचा. तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार वीस वर्षे कोपरखैरण्यात राहतो. त्याचे आधार आणि रेशनकार्ड पाटण तालुक्यातले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागते, म्हणून घरचेही मुद्दाम गावचाच पत्ता देतात. तो साताऱ्याचा रुग्ण झाला. दिव्याचा रिक्षावाला उत्तर प्रदेशचा झाला. कळव्याची बाई किमो चालू असताना भावाकडे लालबागला उतरली आणि तोच पत्ता फाइलवर चढला, ती मुंबईची झाली, आणि मुंबईचा दर तेवढा फुगला. लांबून आलेल्यांच्या फाइलवर तर दादरच्या धर्मशाळेचाही पत्ता सापडतो. चौथा प्रकार अधिक वाईट: कोकणातला चाकरमानी दुखणे हाताबाहेर गेले की गावी जातो आणि तिथेच डोळे मिटतो. नोकरीच्या वयातल्या माणसांत हे सगळे जास्त घडते, कारण घर सोडून पोटासाठी आलेली तीच असतात. साठीच्या पुढच्यांचा पत्ता एव्हाना ठरलेला असतो. म्हणून ठाण्यासारख्या ठिकाणी नेमका ३५ ते ६० वर्षांच्यांचा आकडा सर्वांत आधी कोसळतो.

दुसरी गळती पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीत. ठाण्यातल्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये गाठीचा तुकडा काढतात, फॉर्मलिनच्या डबीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. डबीबरोबरच्या चिठ्ठीवर नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि ‘गालाची जखम’ एवढेच असते. पत्ता नाही, मोबाइल नाही. अहवालात कर्करोग निघतो, नातेवाईक स्लाइड आणि ब्लॉक घेऊन परळला जातात, आणि ठाण्याच्या बाजूने त्या माणसाचा माग संपतो. नोंदणी कर्मचारी नंतर प्रयोगशाळेत आला तरी नुसत्या नावावरून घर कसे शोधणार? चिठ्ठीवर पिनकोडसाठी सहा चौकोन छापायला खर्च शून्य. हे काम कोणाच्याही परवानगीविना उद्या होऊ शकते.

तिसरी गळती मृत्यू नोंदीत. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो, राहत्या ठिकाणी नाही. वागळे इस्टेटचा माणूस परळला गेला की दाखला मुंबई महापालिकेचा. आणि कारण? रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-अ. पहिल्या भागात तीन ओळी असतात: (अ) तात्कालिक कारण, (ब) ते कशामुळे, (क) मूळ आजार. रात्रपाळीचा निवासी डॉक्टर (अ)मध्ये ‘हृदयक्रिया व श्वसन बंद’ लिहितो आणि खालच्या दोन ओळी कोऱ्या ठेवतो. हृदय कोणाचे बंद पडत नाही? लिहायला हवे होते: (अ) फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, (ब) यकृत व फुप्फुसांत पसरलेला आजार, (क) डाव्या गालाच्या आतल्या त्वचेचा कर्करोग. मूळ अवयव लिहिला नाही की संकेतांक ‘अज्ञात मूळ स्थान’ असा पडतो. ज्या केंद्रात अशा नोंदी आणि फक्त मृत्यू दाखल्यावरून कळलेले रुग्ण जास्त, त्या केंद्राचा दर जपून वाचावा.

उलट्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे, कारण ती आकडा फुगवते. एकच रुग्ण तीन ठिकाणी तीनदा मोजला जाणे. आपल्याकडे बाई माहेरच्या नावाने आधार काढते, सासरच्या नावाने फाइल, आणि प्रयोगशाळेत ‘सुनीता एस.’ असते. वय एकीकडे ४५, दुसरीकडे ४८. नोंदणीत दुबार नावे काढताना नाव, वय (दोन-तीन वर्षे इकडेतिकडे धरून), अवयवाचा संकेतांक, निदानाची तारीख आणि मोबाइल एकत्र लावून पाहावे लागतात. संगणक संशयित जोड्या देतो, निर्णय माणसाने घ्यायचा असतो. आणि एकाच व्यक्तीला दोन वेगवेगळ्या अवयवांत दोन स्वतंत्र कर्करोग झाले तर ते दोनच मोजायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही, पण आकड्याची इभ्रत इथे ठरते.

आता दराचा हिशेब, कारण वर्तमानपत्रांत सर्वाधिक गोंधळ इथे होतो. निवृत्तीआधीच्या वयासाठी नोंदणी अहवालांत एक वेगळा दर दिलेला असतो: ३५ ते ६४ या वयोगटापुरता समायोजित दर. (आपल्याकडे राज्य सरकारी नोकर ५८ ला, केंद्राचा ६० ला आणि माथाडी कामगार गुडघे जातील तेव्हा निवृत्त होतो; तुलनेसाठी एक पट्टा ठरवावाच लागतो.) हा दर दोन कारणांनी उपयोगी. एक तर सत्तरीपुढे ‘आता वय झाले, कशाला सुया टोचायच्या’ म्हणून तपासणीच होत नाही, त्यामुळे म्हाताऱ्यांचे आकडे प्रदेशाप्रदेशात अविश्वसनीयरीत्या हलतात; ३५-६४ मधले निदान बहुतेक पक्के असते. दुसरे, घराचा कमावता हात जातो तो याच पट्ट्यात.

काढायचा कसा? जागतिक प्रमाण लोकसंख्या एक लाखाची धरतात. त्यात ३५-३९, ४०-४४ आणि ४५-४९ या गटांना प्रत्येकी ६,०००, ५०-५४ ला ५,०००, ५५-५९ आणि ६०-६४ ला प्रत्येकी ४,००० असे वजन, बेरीज ३१,०००. आपल्या गावचा प्रत्येक गटातला दर त्या गटाच्या वजनाने गुणायचा, बेरीज करायची आणि ३१,००० ने भागायचे. झाले.

हे न केल्यास काय होते ते पाहा. निव्वळ उदाहरणासाठी धरा की ३५-४९ मध्ये दर लाखामागे १०० आणि ५०-६४ मध्ये ४००, दोन वस्त्यांत अगदी सारखा. पहिली वस्ती नवी, घोडबंदरसारखी: ३५ ते ६४ च्या एक लाख लोकांत ७५,००० पन्नाशीच्या आतले आणि २५,००० पुढचे. रुग्ण ७५ अधिक १००, एकूण १७५. दुसरी वस्ती जुनी, निम्मे-निम्मे: ५० अधिक २००, एकूण २५०. बातमी येणार, ‘जुन्या ठाण्यात कर्करोग ४३ टक्क्यांनी जास्त’. प्रत्यक्षात माणसागणिक धोका तंतोतंत एक. समायोजित दर दोन्हीकडे २२६ च्या आसपास येतो. फरक होता तो फक्त लोकांच्या वयाचा.

‘भारतात कर्करोग पाश्चात्त्यांपेक्षा दहा वर्षे आधी होतो’ हे वाक्यही याच कारणाने सांभाळून वापरावे. अमेरिकेत निदानाचे मधले वय ६५ च्या पुढे आहे, आपल्याकडे त्याहून बरेच खाली. पण आपल्याकडे पासष्टीच्या पुढचे लोकच मुळात कमी. रुग्णांचे सरासरी वय खाली येणारच. चाळिशीच्या मराठी बाईला चाळिशीच्या अमेरिकन बाईपेक्षा स्तनाचा कर्करोग जास्त होतो, असा अर्थ त्यातून निघत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे मात्र वेगळे. तिथे वय खरोखर अलीकडे येते, कारण पुडी पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू होते.

छेदाचे, म्हणजे रुग्णांना ज्या लोकसंख्येने भागायचे तिचे, दुखणे याहून मोठे. शेवटची जनगणना २०११ ची, पुढचीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. ठाणे महापालिकेची २०११ ची लोकसंख्या १८.४ लाख, नवी मुंबईची ११.२ लाख. आज रुग्ण मोजून ते २०११ च्या लोकसंख्येने भागले तर खारघर-उलवे-कासारवडवलीचा दर आकाशाला भिडेल, आणि कोणीतरी खाडीच्या पाण्यावर त्याचे खापर फोडेल. वाढीचा अंदाज बांधून छेद घ्यावा लागतो, आणि तो वयोगटवार. नव्या वसाहतींत वाढ सगळ्या वयांत सारखी नसते. तिशी-पस्तिशीतली जोडपी एकदम येतात.

प्रदूषणाचा विषय टाळणार नाही. बाहेरच्या हवेचे प्रदूषण २०१३ पासून सिद्ध कर्करोगकारकांच्या यादीत आहे. बेंझिनने रक्ताचा, बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन या रंगद्रव्यांच्या कच्च्या मालाने मूत्राशयाचा, अ‍ॅस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो, यात वाद उरलेला नाही. ठाणे-बेलापूर पट्टा आणि तळोजा इथे रसायने, औषधे आणि रंगांचे कारखाने दशकानुदशके आहेत. पण शेजारच्या सेक्टरमध्ये राहणाऱ्यापेक्षा आत पिंपे उघडणाऱ्या, टाकी खरवडणाऱ्या कंत्राटी कामगाराचा संपर्क कैक पटींनी जास्त असतो, आणि नेमका तोच कोणत्याही नोंदीत सापडत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीने व्यवसायजन्य कर्करोग हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरवला. व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचा. कळवणार कोण, जेव्हा फाइलवर ‘व्यवसाय: खासगी नोकरी’ लिहिलेले असते? विचारायचे ते असे: सर्वांत जास्त वर्षे कोणते काम केले, कोणत्या खात्यात, कोणता माल हाताळला, कोणत्या सालापासून. चार प्रश्न, दोन मिनिटे. कामगार विमा रुग्णालयांत हे चार प्रश्न विचारले गेले असते तर मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दल आज वाशी-वागळे इस्टेटकडे सांगण्यासारखे काही असते.

वॉर्डवार नकाशांची मागणी होते, तिच्याबद्दल सावधगिरी. एका वॉर्डात एका अवयवाचे वर्षाला ५ रुग्ण निघाले, तर निव्वळ योगायोगाने खरा आकडा १.६ ते ११.७ यांत कुठेही असू शकतो. पुढच्या वर्षी ९ झाले म्हणजे दर दुपटीला आला असे नाही. शंभर रुग्णांवर हीच सीमा ८१ ते १२२ इतकी आवळते. म्हणून किमान पाच वर्षे आणि महापालिका किंवा तालुका एवढे तरी क्षेत्र एकत्र घ्यावे.

तपासणीविषयी थोडेच, पण नेमके. तिसाव्या वर्षापासून तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची दर पाच वर्षांनी तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. आशाताई घरी येऊन तपासणी सूचीचा कागद भरतात, गुण चारच्या वर गेले की प्राधान्याने पाठवायचे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशभरात १.९ टक्के जणींचीच गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती, स्तनाची ०.९ टक्के. शिबिरे भरतात मंगळवारी सकाळी अकराला. बाजार समितीत तेव्हा गाड्या खाली होत असतात. रोजी बुडवून कोण येणार? आले तर काम दोन मिनिटांचे: कवळी काढायला सांगा, टॉर्च धरून दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखाली पाहा. पांढरा न पुसला जाणारा चट्टा, लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेली जखम, तिखट लागताच होणारी आग, आणि तोंडात स्वतःची तीन बोटे उभी न जाणे: यांतले एकही असेल तर पुढे पाठवा. सुपारी खाणाऱ्याची बोटे दोनच गेली तर तिथेच थांबून त्याच्याशी बोला.

गर्भाशयमुखाच्या अ‍ॅसिटिक आम्लाच्या तपासणीत (आम्लाचा बोळा लावून संशयित भाग पांढरा पडतो का ते पाहणे) चुका ठरावीक. द्रावण ५ टक्के हवे: ५ मिलि ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल, ९५ मिलि ऊर्ध्वपातित पाणी, त्या दिवशीचे त्या दिवशी. बाटली आठवडाभर उघडी राहिली की आम्ल उडते आणि पांढरा डाग उमटतच नाही. बोळा लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचे. रांग लांब असली की ते वीस सेकंदांवर येते. पाळी गेलेल्या बाईत पाहायचा भाग आत सरकतो, तिथे ही पद्धत उपयोगाची नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने प्राथमिक प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी हीच तपासणी करवली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांच्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले; तो निष्कर्ष २००९ मध्ये जगभर वाचला गेला. ठाण्याने बाहेरून काही आणायची गरज नाही, पूर्वेला बार्शी-धाराशिव आणि दक्षिणेला परळ पुरे.

आमची मागणी लहान आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी मिळून एक लोकसंख्याधारित नोंदणी केंद्र मागावे, आणि ते मिळेपर्यंत तयारी करावी. दोन्ही शहरांची २०११ ची लोकसंख्या जवळपास ३० लाख. लाखामागे ८० हा केवळ हिशेबासाठी धरलेला आकडा घेतला, तर वर्षाला २,४०० नवे रुग्ण, दिवसाला सहा-सात. ठाणे सिव्हिल, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशी-नेरूळ-ऐरोलीची महापालिका रुग्णालये, कामगार विमा रुग्णालये, खासगी कर्करोग केंद्रे आणि मोठ्या प्रयोगशाळा यांची महिन्याला एक फेरी करायला चार-पाच प्रशिक्षित माणसे लागतील. त्यांना केसपेपरच्या खोलीत बसू द्यायचा आदेश मात्र आयुक्तांनीच काढावा लागेल. तो नसला की पहिले सहा महिने कारकुनाच्या मनधरणीतच जातात. शिवाय परळच्या आणि मुंबई केंद्राच्या नोंदींतून ठाणे-रायगडच्या पिनकोडचे रुग्ण वेगळे काढून मागवावेत. निम्मे काम तिथेच तयार असेल.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक विनंती. कर्करोगाचा दर छापताना चार गोष्टी सोबत छापा: कोणत्या केंद्राचा, कोणत्या वर्षांचा, कोणत्या वयाचा, समायोजित की कच्चा. यांतली एक जरी मिळाली नाही तरी मथळा करू नका.

आणि ज्यांच्या घरी हा आजार आला आहे त्यांच्यासाठी. योजनेच्या कागदावर रेशनकार्डाचा पत्ता राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. पण फाइल काढताना ‘सध्या राहतो कुठे आणि किती वर्षे’ हे वेगळे सांगा आणि राहत्या घराचा पिनकोड लिहून घ्यायला लावा. बायोप्सीच्या चिठ्ठीवर तो स्वतः पेनने लिहा. सगळीकडे नाव एकाच पद्धतीने द्या, आधारावर असेल तसेच, आणि मोबाइल एकच. दुर्दैवाने मृत्यू झाला तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळणे हा हक्क आहे. ती मागा आणि (क) ओळीत मूळ अवयवाचे नाव आहे की नाही ते पाहा. नसेल तर डॉक्टर त्याच पाळीत असेपर्यंत दुरुस्त करून घेणे सोपे असते. नंतर निबंधकाकडे अर्ज आणि खेटे.

आपले,
कर्करोग नोंदणी, पॅथॉलॉजी व नागरी आरोग्यसेवेत काम करणारे काही ठाणेकर व नवी मुंबईकर